शब्दकोश सर्वांचा, सही कोणाची?

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७५ साली राफेल फिंकेल या विद्यार्थ्याने एक यादी करायला घेतली. प्रयोगशाळेतली मंडळी रात्री-अपरात्री संगणकासमोर बसून आपसांत जे शब्द वापरत, त्या शब्दांची आणि त्यांच्या अर्थांची ही यादी होती. ती प्रयोगशाळेच्याच संगणकावर ठेवलेली होती. ज्याला वाटेल त्याने ती वाचावी, एखादा शब्द सुचवावा, एखादा अर्थ दुरुस्त करावा असा मोकळा मामला होता. पुढे ही यादी 'जार्गन फाइल' या नावाने प्रसिद्ध झाली. जवळपास अर्धे शतक उलटले तरी तिच्याभोवतीचा वाद संपलेला नाही. ही यादी नेमकी कोणाची, ती जपण्याचे श्रेय कोणाचे आणि जपणाऱ्याने तिच्यात आपले काय मिसळले, हा तो वाद आहे.

वरवर पाहता हे संगणकवाल्यांचे घरगुती भांडण वाटेल. पण अनेकांनी मिळून लिहिलेला मजकूर जपायचा कसा हा प्रश्न विज्ञानाच्या प्रत्येक शाखेला पडतो, आणि वैद्यकशास्त्राला तर फार जवळून पडतो. म्हणून हे भांडण मुळापासून समजून घेण्यासारखे आहे.

आधी 'हॅकर' या शब्दाविषयी. आज हा शब्द ऐकला की दुसऱ्याच्या बँक खात्यात शिरणारा चोर डोळ्यांसमोर येतो. मूळ अर्थ तसा नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटी या संस्थेत विद्यार्थ्यांचा एक क्लब होता. छोट्या आगगाड्यांचे रूळ, सिग्नल आणि त्यामागचे तारांचे जाळे उभारणे हा त्यांचा छंद. या क्लबच्या पीटर सॅमसन या सदस्याने १९५९ मध्ये क्लबातल्या खास शब्दांचा छोटा कोश तयार केला. त्यात 'हॅक' हा शब्द होता. मराठीत 'खटपट' हा शब्द कौतुकाने वापरला तर जो अर्थ निघतो, त्याच्या जवळपासचा हा अर्थ. हॅकर म्हणजे खटपट्या: यंत्र उघडून पाहणारा, ते बनवणाऱ्यालाही सुचले नसेल असे काम त्याच्याकडून करून घेणारा. हीच मुले पुढे एमआयटीतल्या संगणकांकडे वळली आणि त्यांचे शब्दही त्यांच्यासोबत गेले. वर्तमानपत्रांनी हॅकर शब्द चोरांसाठी वापरायला सुरुवात केल्यावर, १९८५च्या सुमारास या मंडळींनी चोरांसाठी 'क्रॅकर' असा वेगळा शब्द सुचवला. तो लोकांत रुजला नाही. शब्द ज्यांचा, त्यांचाच त्याच्यावरचा ताबा सुटला.

श्रेय कसे घसरते याचे एक उदाहरण याच परंपरेत आहे. संगणकाच्या चुकीला 'बग' म्हणजे किडा का म्हणतात, याची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. हार्वर्ड विद्यापीठातील 'मार्क टू' या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. ही वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. हा किडा शोधण्याचे श्रेय सरसकट ग्रेस हॉपर यांना दिले जाते. हॉपर या संगणकशास्त्रातील फार मोठ्या विदुषी होत्या, यात शंका नाही. पण किडा त्यांनी स्वतः पकडला नव्हता. त्या ही गोष्ट रंगवून सांगत असत, एवढेच. शिवाय यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत त्याहून कितीतरी जुनी. थॉमस एडिसन यांच्या १८७८ मधल्या पत्रात हा शब्द याच अर्थाने आला आहे. किडा पकडणाऱ्याचे नाव मागे पडले, गोष्ट सांगणाऱ्याचे राहिले. यात कोणाची लबाडी नाही. नोंद नीट ठेवली नाही की श्रेय आपोआप सर्वांत प्रसिद्ध नावाकडे सरकते.

स्टॅनफर्डच्या यादीचे पुढे काय झाले? १९७६ मध्ये मार्क क्रिस्पिन या तरुणाला तिची माहिती मिळाली. त्या वेळी अमेरिकेतल्या मोजक्या विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना जोडणारे 'अर्पानेट' हे जाळे होते. त्याच्यावरून क्रिस्पिनने यादीची प्रत एमआयटीच्या संगणकावर उतरवून घेतली. आता देशाच्या दोन टोकांना दोन प्रती झाल्या. दोन्हीकडे शब्द वाढू लागले आणि अधूनमधून दोन्ही प्रती जुळवून घेतल्या जाऊ लागल्या. फिंकेल हळूहळू बाजूला झाले. स्टॅनफर्डची बाजू डॉन वुड्स पाहू लागले. एमआयटीकडून गाय स्टील आणि रिचर्ड स्टॉलमन यांच्यासारख्यांनी भर घातली. ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण ती नंतर पुस्तकावर आली. पण एखादा शब्द सुचवून निघून गेलेले, एखाद्या अर्थात नेमकी ओळ घालणारे कितीतरी जण होते. नोंदीखाली नाव घालण्याची पद्धत नव्हती. गप्पांमधून आलेल्या शब्दाला मालक कसला, अशीच भावना असावी.

असे असायलाच हवे होते का? नाही. त्याच एमआयटीच्या प्रयोगशाळेने फेब्रुवारी १९७२ मध्ये 'हॅकमेम' नावाचे एक टिपण काढले होते. गणितातल्या गमती आणि संगणकाच्या युक्त्या यांचा तो संग्रह होता. मायकल बीलर, बिल गॉस्पर आणि रिच श्रोपेल यांनी तो एकत्र केला. त्यातल्या बहुतेक नोंदींपुढे ती युक्ती कोणाची, त्याचे नाव कंसात दिलेले आहे. एक-दोन शब्दांची जागा पुरते. आज कोणी त्यातली एखादी युक्ती वापरली तर श्रेय कोणाला द्यायचे हे शोधावे लागत नाही. एकाच वातावरणात, जवळजवळ त्याच माणसांनी केलेल्या दोन संग्रहांपैकी एकाने नावे जपली आणि दुसऱ्याने जपली नाहीत. आजचा वाद दुसऱ्याभोवती आहे, हा योगायोग नव्हे.

१९८१ मध्ये यादीचा मोठा भाग स्ट्युअर्ट ब्रँड यांच्या 'कोइव्होल्यूशन क्वार्टर्ली' या नियतकालिकात छापला गेला आणि प्रयोगशाळेबाहेरच्या वाचकांना ती प्रथमच दिसली. १९८३ मध्ये गाय स्टील यांनी संपादन करून 'द हॅकर्स डिक्शनरी' हे पुस्तक सिद्ध केले. त्यावर स्टील, वुड्स, फिंकेल, क्रिस्पिन, स्टॉलमन आणि जेफ गुडफेलो अशी सहा नावे होती. पुस्तक तयार होत असताना मूळ यादीत बदल करणे थांबवले गेले. ही थांबणूक तात्पुरती असणार होती. ती तशी राहिली नाही.

त्याचे कारण यादीत नव्हते, तिच्या भोवतालात होते. ही सगळी संस्कृती डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या 'पीडीपी-१०' जातीच्या संगणकांवर वाढली होती. १९८३ मध्ये कंपनीने या घराण्यातल्या पुढच्या मोठ्या यंत्राचा प्रकल्प गुंडाळला. एमआयटीच्या प्रयोगशाळेतले हुशार लोक त्याआधीच नव्याने निघालेल्या खासगी कंपन्यांत विखुरले होते. यंत्रे गेली, माणसे गेली, यादी तिथेच गोठली. एखादे गाव धरणात जावे आणि गावकऱ्यांच्या बोलीची वही कोणाच्या तरी ट्रंकेत राहावी, तशी तिची अवस्था झाली.

सात वर्षांनी, १९९० मध्ये, एरिक रेमंड या प्रोग्रामरने ती वही बाहेर काढली. रेमंड या दोन्ही प्रयोगशाळांतले नव्हते. ते 'युनिक्स' या दुसऱ्या संगणकप्रणालीच्या जगातले. त्यांनी जुन्या मंडळींशी संपर्क साधला, जुना मजकूर आणि नवे शब्द एकत्र केले. १९९१ मध्ये एमआयटी प्रेसने 'द न्यू हॅकर्स डिक्शनरी' हे पुस्तक काढले. संपादक म्हणून रेमंड यांचे नाव होते आणि साहाय्य व चित्रे गाय स्टील यांची होती. म्हणजे जुन्या संपादकाची या कामाला साथ होती. १९९३ आणि १९९६ मध्ये पुढच्या आवृत्त्या निघाल्या. हजारो तरुणांना या संस्कृतीची ओळख झाली ती याच पुस्तकातून.

मग वाद कशाचा? रेमंड यांनी आपल्या प्रस्तावनेत स्वतःच सांगितले आहे की १९८३ च्या पुस्तकातला सुमारे ८० टक्के मजकूर नव्यात घेतला आणि नव्या कोशातल्या निम्म्याहून अधिक नोंदी युनिक्स आणि 'यूजनेट' या चर्चाजाळ्याच्या जगातून आल्या आहेत. आक्षेप घेणारे म्हणतात, मग हा तोच कोश कसा? स्टॅनफर्ड आणि एमआयटीच्या खोल्यांमध्ये जे बोलले गेले त्याची ती नोंद होती. त्या नोंदीच्या नावाखाली दुसऱ्याच जमातीची बोली भरली. काही शब्द तर कोणी वापरत असल्याचे दिसतच नाही, असाही आरोप झाला.

२००३ मध्ये वाद अधिक तापला. इराक युद्धाचे ते वर्ष होते. त्या सुमाराच्या राजकीय वादविवादांतले, रेमंड यांच्या स्वतःच्या मतांशी जुळणारे काही शब्द कोशात आले. कोशाच्या परिशिष्टात 'सर्वसाधारण हॅकर' कसा असतो याचे वर्णन आहे. तो काय खातो, काय वाचतो, कसे कपडे घालतो, त्याचे राजकारण कोणते. त्यातल्या राजकारणाच्या ओळीही बदलल्या आणि उजवीकडे झुकल्या. ज्यांची मते तशी नव्हती त्यांना आपले चित्र दुसऱ्याच रंगात रंगवलेले दिसले. 'आम्ही असे आहोत' असे म्हणणारा आवाज एकाच माणसाचा होता, पण तो 'आम्ही'च्या नावाने बोलत होता. या वादातली खरी जखम ही आहे.

दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने मांडली पाहिजे. सात वर्षे वही ट्रंकेत होती तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी कोणी ती उघडली नव्हती. शेकडो नोंदी तपासणे, पत्रव्यवहार करणे, व्युत्पत्ती शोधणे हे कष्टाचे काम रेमंड यांनी अंगावर घेतले. मूळ संपादकांची नावे आणि यादीचा इतिहास त्यांनी प्रस्तावनेत नोंदवला. जुन्या आवृत्त्यांच्या प्रतीही वाचकांना मिळत राहिल्या. बोली जिवंत असेल तर कोशही वाढणारच, वाढ थांबली की तो संग्रहालयातला सांगाडा होतो, हा त्यांचा मुद्दाही खोटा नाही. आणि कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर मजकूर सर्वांसाठी खुला आहे. तो कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा.

पण कायद्याने दिलेली मोकळीक हे वादाचे उत्तर नाही. दुसऱ्याच्या शेतातून जाणारी पायवाट सर्वांना मोकळी असते, म्हणून कोणी तिच्यावर आपल्या नावाची पाटी लावत नाही.

वैद्यकशास्त्रातले एक उदाहरण इथे बोलके आहे, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईत येतो. 'ग्रेज ॲनाटॉमी' हे शरीररचनाशास्त्राचे पुस्तक ठाऊक नाही असा डॉक्टर सापडणार नाही. १८५८ मध्ये लंडनमध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. मजकूर हेन्री ग्रे यांचा. त्यातली ३६३ चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर या तरुण डॉक्टरची. पुस्तक गाजले ते मोठ्या प्रमाणावर या चित्रांमुळे. अवयवाचे नाव चित्रातच त्या अवयवावर लिहिण्याची त्यांची पद्धत विद्यार्थ्याला फार सोयीची होती. पण मुखपृष्ठाचे मुद्रित तपासताना ग्रे यांनी कार्टर यांचे नाव आपल्या नावापेक्षा लहान टायपात घ्यायला लावले. पुस्तक बाजारात आले तेव्हा कार्टर मुंबईत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ते शरीररचनाशास्त्र शिकवत होते. पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून त्यांनी अनेक वर्षे काढली. पायाला होणारा 'मायसेटोमा' हा बुरशीजन्य रोग, कुष्ठरोग आणि उलटून येणारा ताप यांवरचे त्यांचे संशोधन याच भूमीवर झाले.

ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने वयाच्या ३४व्या वर्षी गेले. पुस्तक मात्र थांबले नाही. एकामागून एक संपादक आले. २०२० मध्ये त्याची ४२वी आवृत्ती निघाली. आजच्या पुस्तकातला मजकूर ग्रे यांना ओळखताही येणार नाही इतका बदलला आहे, तरी नाव त्यांचेच. मग इथे जार्गन फाइलसारखा वाद का होत नाही? कारण प्रत्येक आवृत्तीवर तिचा क्रमांक असतो, साल असते, त्या आवृत्तीच्या संपादकांची नावे असतात. पहिल्या आवृत्तीत ग्रे यांनी काय लिहिले ते पाहायचे असेल तर पहिली आवृत्ती ग्रंथालयात आहे. नवा संपादक आपले मत ग्रे यांच्या तोंडी घालत नाही. कार्टर यांच्यावरचा अन्याय मात्र तसाच राहिला. त्यांचे नाव एकदा लहान टायपात गेले आणि मग लोकांच्या बोलण्यातून निघूनच गेले. पहिल्या पानावर झालेली चूक नंतरच्या कितीही आवृत्त्यांनी भरून निघाली नाही.

रुग्णालयात याबाबतचा नियम रोज पाळला जातो. केसपेपरवर खाडाखोड करायची नाही, असे नव्या डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात सांगतात. नोंद चुकली तर तिच्यावर एकच रेघ मारायची. खालचा मजकूर वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर नोंद लिहायची, सही करायची, तारीख आणि वेळ घालायची. पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचे नाही. आदल्या पाळीच्या डॉक्टरने काय पाहिले आणि नंतरच्याने काय बदलले हे तिसऱ्याला कळले पाहिजे, कारण उपचार त्यावर अवलंबून असतो. बदल करायला मनाई नाही. रुग्णाची स्थिती बदलते तशी नोंद बदलणारच. मनाई आहे ती बदल लपवण्याला आणि दुसऱ्याच्या सहीखाली आपले लिहिण्याला.

आपल्याकडच्या ग्रंथपरंपरेलाही ही गोष्ट नवी नाही. मूळ ग्रंथात मागाहून घुसलेल्या मजकुराला मराठीत 'क्षेपक' असा स्वतंत्र शब्दच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ तयार केला, तेव्हा त्यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पूर्ण केले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. मागाहून आलेले वाटणारे श्लोक संपादकांनी फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. कोणता श्लोक कोणत्या हस्तलिखितात आहे हेही दिले. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर तो स्वतः तपासू शकतो. एखाद्या संपादकाकडून याहून अधिक प्रामाणिकपणा कोणी मागू शकत नाही.

हॅकरांच्या जगातही या दिशेने चांगले काम झाले आहे. स्टॅनफर्डच्या त्या प्रयोगशाळेच्या संगणकाच्या जुन्या टेप ब्रूस बॉमगार्ट यांनी वाचून काढल्या आणि 'सेलडार्ट' या नावाने संग्रह उभा केला. त्यात मजकूर तेव्हा जसा होता तसा पाहायला मिळतो. पण त्या टेपांवर लोकांच्या खासगी फायली आणि पत्रेही आहेत. म्हणून जे सार्वजनिक होते तेच खुले केले आहे. जपणे म्हणजे सगळे उघडे करणे नव्हे, हे भान डॉक्टरांना सहज समजेल. जेसन स्कॉट यांनी १९९८ पासून जुन्या संगणक-फलकांवर फिरणारे मजकूर जमवले, तेही शक्य तितके मूळ रूपात. आणि याच संगणकवाल्यांनी प्रोग्राममधला प्रत्येक बदल कोणी आणि केव्हा केला याची नोंद ठेवणारी साधने १९७० च्या दशकापासून बनवली. २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी बनवलेले 'गिट' आज जगभर वापरले जाते. यंत्राला द्यायच्या ओळींसाठी जी शिस्त त्यांनी स्वतःला लावून घेतली, तीच शिस्त आपल्या शब्दांना आणि आठवणींना लावली असती तर आजचा अर्धा वाद उरला नसता.

हा विषय सामान्य वाचकाच्या मोबाइलपर्यंत कसा पोहोचतो, हेही पाहिले पाहिजे. 'एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर दीर्घ श्वास घ्या आणि जोरजोरात खोकत राहा' हा संदेश कित्येकांना आला असेल. तो १९९९ पासून जगभर फिरतो आहे, आणि अमेरिकेतल्या एका रुग्णालयाचे नाव त्याला चिकटवले गेले होते. त्यामागे मूळ गोष्ट अगदी मर्यादित आहे. रुग्णालयात, हृदयाच्या तपासणीच्या टेबलावर, यंत्रावर ठोके दिसत असताना अचानक लय बिघडली, तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला डॉक्टर काही क्षण खोकायला सांगू शकतात. घरी एकट्या माणसासाठी हा सल्ला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्याची शिफारस केलेली नाही. छातीत दुखू लागले तर खोकत बसण्यात वेळ घालवणे घातक आहे. ताबडतोब १०८ ला फोन करणे किंवा कोणाला तरी हाक मारणे हेच योग्य. हा संदेश कोणी, केव्हा, कोणत्या रुग्णासाठी लिहिला हे त्याच्यासोबत राहिले असते तर तो इतका फिरलाच नसता. तारीख आणि नाव गळाले, तेव्हाच अर्थही बदलला. शब्दकोशातली चूक कोणाचा जीव घेत नाही. औषधोपचाराच्या मजकुरातली चूक घेऊ शकते. पण रोग दोन्हीकडे एकच आहे.

त्यामुळे जार्गन फाइलच्या वादात कोणा एकाची बाजू घेण्यापेक्षा काही साध्या गोष्टींचा आग्रह धरणे अधिक उपयोगाचे. जुनी प्रत जशी होती तशी, हात न लावता, वेगळी ठेवावी. नवी भर घालणाऱ्याने जरूर घालावी, पण ती भर वेगळी ओळखू यावी आणि तिच्याखाली त्याचे नाव व साल असावे. नोंद आणि मत यांत रेघ असावी. एखाद्या समूहाचे चित्र काढायचे असेल तर त्या समूहाला विचारावे, आणि विचारले नसेल तर तेही सांगावे. जपणाऱ्याच्या कष्टाचे श्रेय पूर्ण द्यावे, कारण तो नसता तर वाद घालायलाही काही उरले नसते. पण जपणे वेगळे आणि मालकी वेगळी, हे त्यानेही विसरू नये. अशा मजकुरात पहिला शब्द घालणाऱ्यांपैकी कित्येकांची नावे आता कधीच कळणार नाहीत. निदान 'इथे अनेक अनाम हात होते' एवढे तरी स्पष्ट लिहिलेले असावे.

गंमत अशी की यातला महत्त्वाचा धडा त्या कोशातच आहे. प्रस्तावनेत वाचकाला सांगितले आहे की या मजकुरावर कायद्याचे बंधन नाही, पण काही रिवाज आहेत. उद्धृत करताना कोशाचे नाव द्यावे आणि शक्य तर आवृत्तीचा क्रमांकही द्यावा, कारण मजकूर बदलत जाणार आहे. नाव आणि आवृत्ती. ग्रेच्या पुस्तकावर ते छापलेले असते, केसपेपरवर सही आणि वेळ म्हणून ते लिहिले जाते. दुसऱ्याचे लिहिलेले पुढे पाठवताना प्रत्येकाने एवढे पाळले तरी पुरे आहे. आणि ज्या मजकुराला नावही नाही, तारीखही नाही, तो आरोग्याचा असेल तर पुढे न पाठवलेलाच बरा.